लघुत्तम देकाराचा हिशेब : मुंबई महापालिकेच्या निविदांचा वाद आज कुठे आहे

जानेवारी २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याची पाच कंत्राटे एकदम दिली. रक्कम सहा हजार कोटींच्या वर. १९ जानेवारीला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजनही झाले. पाचांपैकी तीन कंत्राटे पश्चिम उपनगरांची, एक पूर्व उपनगरांचे आणि एक शहराचे, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतच्या नऊ विभागांचे. जाहिरात निघाली होती, बोली लागल्या होत्या, पाकिटे रीतसर उघडली होती. तरीही शहराचे काम जागचे हलेना. नोटिसा गेल्या, दंड झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पालिकेने ते कंत्राटच रद्द केले. प्रकरण उच्च न्यायालयात पोचले आणि गिरगाव, लालबाग, परळ, दादरचे रस्ते पुन्हा निविदेच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या वर्षी उपनगरांतल्या लोकांची तक्रार खोदून ठेवलेल्या रस्त्यांबद्दल होती, तर शहरातल्यांची न खोदलेल्या रस्त्यांबद्दल.

सार्वजनिक कामाला निविदा मागवाव्यात की नाही, हा प्रश्न मुंबईत केव्हाच निकालात निघाला आहे. त्या मागवाव्यात यावर कंत्राटदार, अभियंते, नगरसेवक, लेखापरीक्षक आणि न्यायालये या सगळ्यांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते त्यानंतर. अटी कोणी लिहायच्या, सगळ्यात स्वस्त तेच घ्यायचे का, कामाचे तुकडे किती करायचे, निविदेला सूट केव्हा द्यायची आणि काम चालू झाल्यावर पाहायचे कोणी? २०२५-२६ साठी पालिकेने ७४,४२७ कोटींचे अंदाजपत्रक मांडले आणि त्यातले ४३ हजार कोटींहून अधिक भांडवली कामांसाठी ठेवले. या प्रश्नांची उत्तरे कशी दिली जातात, त्यावर या पैशाचे काय होते ते ठरते.

क्रॉफर्डसाहेबांमुळे आलेला कायदा

या नियमांचा उगम एका उधळ्या कारभारात आहे. १८६५ च्या कायद्याने शहराची जवळजवळ सगळी सूत्रे एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिली. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस कामाचा होता. पुढे त्यांचेच नाव मिळालेली मंडई १८६९ मध्ये उभी राहिली, गटारे आणि रस्ते झाले. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. करदात्यांनी आरडाओरडा केला, १८७१ मध्ये क्रॉफर्ड पायउतार झाले आणि १८७२ च्या कायद्याने निवडून आलेल्या सदस्यांची महापालिका व तिच्या पैशांवर नजर ठेवणारे टाउन कौन्सिल अस्तित्वात आले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात या कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. तो कायदा घडवण्यात फिरोजशहा मेहतांचा वाटा मोठा होता आणि असंख्य दुरुस्त्या होऊन तोच आजही लागू आहे.

कंत्राटांची कलमे ६९ पासून सुरू होतात. करार करण्याचा अधिकार आयुक्तांचा; ठरावीक रकमेपुढे स्थायी समितीची मंजुरी हवी. कलम ७२ सांगते की, मर्यादेबाहेरच्या खर्चाचे काम किंवा खरेदी असेल तर किमान सात दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवाव्यात. पुढचे उपकलम अनेकांच्या लक्षात नसते. कोणतीही निविदा स्वीकारलीच पाहिजे असे आयुक्तांवर बंधन नाही. सर्व परिस्थिती पाहून जी सर्वांत लाभदायक वाटेल ती त्यांनी घ्यावी, असे तिथे म्हटले आहे. सर्वांत कमी दराचीच घ्यावी असे १८८८ चा कायदा म्हणत नाही. तो दंडक पुढे लेखापरीक्षण, दक्षता यंत्रणा आणि न्यायालयांच्या धाकाने रूढ झाला. तिसरे उपकलम सवलतीचे आहे. कारणे नोंदवून स्थायी समिती आयुक्तांना निविदेविना करार करण्याची मुभा देऊ शकते. आजच्या वादांपैकी बऱ्याच वादांची मुळे या दोन उपकलमांत सापडतात.

कायदा झाला त्याच सुमारास, एप्रिल १८८९ ते जुलै १८९३ या काळात, बोरीबंदरसमोरचे पालिका मुख्यालय बांधले गेले. मंजूर खर्च ११ लाख ८८ हजार ८२ रुपये, प्रत्यक्ष खर्च ११ लाख १९ हजार ९६९ रुपये. म्हणजे ६८ हजारांहून अधिक रक्कम वाचली. हे आकडे कोरलेली पाटी त्या इमारतीत आहे आणि तिच्याखालून रोज जी अंदाजपत्रके जातात त्यांचे हसू येऊ नये म्हणून की काय, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

तीन पाकिटे आणि एक वही

निविदेचा प्रवास आधी समजून घेतला तर वाद कळायला सोपे जातात. खात्याचा अभियंता प्रथम अंदाजपत्रक बांधतो. त्यासाठी पालिकेची एकत्रित दरसूची असते. खोदाई, भराव, काँक्रीट, फरसबंदी अशा बाबींचे दर तिच्यात ठरलेले असतात. मग जाहिरात. बोली लावणारा तीन पाकिटे भरतो. ‘अ’ मध्ये इसारा रक्कम आणि नोंदणीची कागदपत्रे, ‘ब’ मध्ये तांत्रिक पात्रता, म्हणजे पूर्वी केलेली कामे, उलाढाल, यंत्रसामग्री, मनुष्यबळ. ‘क’ मध्ये दर. ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये जो टिकला त्याचेच ‘क’ उघडते. टक्केवारीच्या निविदेत या तिसऱ्या पाकिटात सगळा खेळ एका आकड्याचा असतो: अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के उणे, अधिक किंवा समान. ज्याचा आकडा सर्वांत खाली तो पालिकेच्या भाषेत ‘लघुत्तम देकारदार’. त्यानंतर प्रशासनाचा लेखी प्रस्ताव, म्हणजे मसुदापत्र, स्थायी समितीपुढे जाते, मंजुरी मिळते, कार्यादेश निघतो. काम सुरू झाले की कनिष्ठ अभियंता मोजवहीत मापे लिहितो आणि त्या मापांवर बिल निघते.

पूर्वी लाखेने बंद केलेली पाकिटे असत, आता सगळे संगणकावर असते. पण रचना तीच. नियमांची सारी बारीक वीण पाकीट उघडण्याच्या क्षणाभोवती आहे. त्याआधी अंदाजपत्रक आणि अटी कशा लिहिल्या गेल्या, आणि त्यानंतर मोजवहीत काय उतरले, याकडे नियमांचे डोळे तेवढे तीक्ष्ण नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत गाजलेली पालिकेची बहुतेक प्रकरणे याच दोन टोकांना घडली आहेत.

स्वस्त आणि परवडणारे

‘कमी दर तोच विजेता’ या पद्धतीचे समर्थक लेखापरीक्षक आणि दक्षता विभागांत अधिक सापडतात. त्यांचे म्हणणे साधे आहे. आकडा खोटे बोलत नाही. दोन कंत्राटदारांपैकी कोण ‘चांगला’ हे ठरवायला अधिकाऱ्याला वाव दिला की त्या वावाचीही किंमत ठरते. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्ये काढलेल्या सूचनेचा रोखही असाच होता: बोली उघडल्यावर वाटाघाटी शक्यतो करूच नयेत आणि अपवादाने करायच्या तर फक्त लघुत्तम देकारदाराशी.

अभियंत्यांचा अनुभव वेगळा बोलतो. अंदाजपत्रकापेक्षा तीस टक्के उणे भरून काम घेतलेला माणूस ते तीस टक्के कुठून काढणार? थर पातळ करून, सिमेंट वाचवून, मजुरी थकवून किंवा पुढे ‘वाढीव परिमाण’ दाखवून. दुसरी शक्यताही आहे: अंदाजपत्रकच फुगवलेले असेल, तर तीस टक्के उणे हाच खरा दर ठरतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातले कोणते खरे हे ओळखता येत नाही. पालिकेने यावर काढलेला तोडगा म्हणजे बारा टक्क्यांपेक्षा अधिक खाली जाणाऱ्याकडून जादा अनामत घेणे. त्याने अविचारी बोलींना थोडा लगाम बसतो. दर्जाची हमी मात्र मिळत नाही.

पालिकेच्या बस उपक्रमाच्या, म्हणजे बेस्टच्या, भाड्याच्या बस हे या प्रश्नाचे चालते-बोलते उदाहरण. खासगी कंपनीने बस आणि चालक द्यायचे आणि बेस्टने किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा, अशी ही पद्धत. बोलीत दर खाली आले तेव्हा उपक्रमाला हायसे वाटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये छोट्या बस चालवणाऱ्या एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून सेवा थांबवली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी संप केला आणि शहरभर थांब्यांवर रांगा लांबल्या. निविदेच्या दिवशी वाचलेले पैसे प्रवाशांनी वेळेत मोजले, असे कामगार संघटनांचे म्हणणे. उपक्रमाची बाजू अशी की, स्वतःच्या बस आणि स्वतःचे कर्मचारी यांचा किलोमीटरमागे खर्च याहून कितीतरी जास्त येतो आणि तूट भरून काढायला पैसा नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांत याच कोंडीवर बोट ठेवले. ज्या कामांत दर्जा निर्णायक आहे तिथे दर्जा आणि दर यांना मिळून गुण द्यावेत, दर्जाचे वजन तीस टक्क्यांपर्यंत असावे, आणि एकच बोली आली म्हणून ती आपोआप बाद धरू नये, असे त्या सूचना म्हणतात. जागतिक बँकेनेही गेल्या काही वर्षांत त्याच दिशेने नियम बदलले आहेत. टीकाकारांची शंका अशी की, त्या तीस गुणांतच अधिकाऱ्याची मर्जी पुन्हा आत शिरते. मुंबईत या पद्धतीचा वापर मुख्यत्वे सल्लागार नेमण्यापुरता राहिला आहे. रस्ते आणि नाले अजूनही आकड्यावरच जातात.

एक मोठे की शंभर छोटी

रस्त्यांच्या २०२२-२३ च्या निविदेमागे एक ठाम विचार होता. वर्षानुवर्षे विभागवार छोटी कंत्राटे दिली, तेच ते कंत्राटदार आलटून-पालटून आले आणि खड्डे राहिलेच. मग मोठ्या कंपन्या आणाव्यात, संयुक्त भागीदारीला मज्जाव करावा, दहा वर्षांचे दोषदायित्व, म्हणजे बिघाड दुरुस्तीची जबाबदारी, लादावे. ऑगस्ट २०२२ मधली ५,८०० कोटींची पहिली निविदा पुरेसा प्रतिसाद नसल्याने रद्द झाली. दुसरीत रक्कम वाढली. दर वाढवून दिल्याचा आरोप माजी मंत्री आदित्य ठाकरे यांनी केला, प्रशासनाने तो फेटाळला. पुढे शहराचे कंत्राट ज्या रीतीने गडगडले त्यावरून मोठ्या निविदेचा एक धोका उघड झाला: एक जण अडला की नऊ विभाग अडतात. छोट्या कंत्राटांत परळचा माणूस अडला तरी गिरगावचा पुढे जातो.

रस्त्यावरच्या बाकांपासून कचरापेट्यांपर्यंत तेरा वस्तू एकाच पुरवठादाराकडून घेण्याची २६३ कोटींची खरेदी २०२३ मध्ये याच मुद्द्यावर वादात सापडली आणि पालिकेने ती रद्द केली. बाके बनवणारा, कुंड्या बनवणारा आणि लोखंडी खांब ओतणारा हे वेगवेगळे लोक असतात. सगळे एका निविदेत बांधले की बनवणारे बाहेर राहतात आणि जुळवाजुळव करणारा आत येतो, हा आक्षेप. एकाच घराण्याचे नक्षीकाम शहरभर हवे असेल तर एकच पुरवठादार बरा, हे प्रशासनाचे उत्तर.

झोपडपट्ट्यांच्या सफाईत प्रश्न पोटापाण्याचा झाला. वर्षानुवर्षे ही कामे वस्तीपातळीवरच्या संस्थांकडे होती. २०२४ मध्ये पालिकेने चार वर्षांसाठी सुमारे १,४०० कोटींची एकत्रित निविदा काढली तेव्हा बेरोजगार सेवा सहकारी संस्थांचा महासंघ उच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या छोट्या कामांत ३३ टक्के मजूर संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या स्पर्धेला अशी वाटणी जुनी आहे. तिच्यामागचा हेतू सामाजिक होता. तिच्या आडून मजूर नसलेल्या ‘मजूर संस्था’ही पुष्कळ निघाल्या, हेही त्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

सफाईच्या निविदांना आणखी एक पदर आहे, कामगारांचा. कंत्राटातला दर ठरतो तेव्हा मजुरीचा दरही ठरतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी दहा वर्षे लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. २०२५ मध्ये कचरा गाड्या आणि मनुष्यबळ यांची सात वर्षांची, सुमारे चार हजार कोटींची निविदा निघाली तेव्हा पालिकेतल्या संघटनांनी बेमुदत संपाचा इशारा दिला, त्यामागे ही आठवण होती.

अटी कोण लिहितो

कंत्राटदारांच्या बोलण्यात एक वाक्य नेहमी येते: टेंडर जिंकायचे नसते, लिहून घ्यायचे असते. अमुक क्षमतेचे यंत्र, तमुक वर्षांचा तसलाच अनुभव, एवढीच उलाढाल, अशा दोन-तीन अटी नेमक्या बसवल्या की स्पर्धा उघडी असूनही बंद होते. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठी नदीच्या गाळाबाबत तेरा जणांवर गुन्हा नोंदवला. आरोप असा की, गाळ काढण्याची विशिष्ट यंत्रे निविदेत सक्तीची करून ती ठरावीक पुरवठादाराकडूनच भाड्याने घ्यावी लागतील अशी व्यवस्था झाली आणि पालिकेचे ६५ कोटींचे नुकसान झाले. हे अजून आरोप आहेत. न्यायालयात टिकतात की नाही ते ठरायचे आहे.

पण प्रत्येक कडक अट म्हणजे कट नव्हे. बेस्टने १,४०० विजेच्या बससाठी निविदा काढली तेव्हा एका चार्जिंगमध्ये, वातानुकूलन चालू ठेवून, २०० किलोमीटर धाव ही अट होती. मध्ये थांबून चार्जिंग करण्याची मुभा मागणारी टाटा मोटर्सची बोली बाद झाली. उच्च न्यायालयाने ती बाद ठरवणे योग्य मानले, पण विजेत्याची बोलीही रद्द केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजेत्याच्या बाजूने निकाल दिला आणि तांत्रिक अटींचा अर्थ लावण्यात न्यायालयांनी हात आखडता ठेवावा, असे बजावले. दुपारी दादरच्या गर्दीत बस चार्जिंगला उभी ठेवणे परवडणार नाही, हे बेस्टला ठाऊक असणारच.

न्यायालयांची भूमिका गेल्या अर्धशतकात दोन दिशांनी ओढली गेली आहे. १९७९ चा रामना दयाराम शेट्टी निकाल मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेतून आला. स्वतः घातलेल्या पात्रतेच्या अटी सार्वजनिक संस्थेला मोडता येणार नाहीत, हे तत्त्व न्या. भगवतींनी तिथे घालून दिले. गंमत अशी की, तत्त्व मांडूनही ते कंत्राट मात्र रद्द झाले नाही, कारण तक्रारदार उशिरा आला होता. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालाने लगाम दुसऱ्या बाजूने ओढला: न्यायालयाने निर्णयप्रक्रिया तपासावी, निर्णयाच्या शहाणपणात शिरू नये.

या दोहोंमध्ये किती जागा उरते, ते मे २०२५ मध्ये दिसले. ठाण्याच्या घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या सुमारे चौदा हजार कोटींच्या निविदांत मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) लार्सन अँड टुब्रोला तांत्रिक टप्प्यावर बाद केले. आपली बोली तीन हजार कोटींहून अधिक कमी होती, असा कंपनीचा दावा. बाद झाल्याचे कारण आधी कळवण्याची तरतूद निविदेत नाही, अशी प्राधिकरणाची बाजू. उच्च न्यायालयात कंपनीला दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अवघड प्रश्न विचारले आणि ३० मे रोजी प्राधिकरणाने दोन्ही निविदा मागे घेत असल्याचे सांगितले. त्यामुळे बाद झालेल्याला कारण केव्हा कळावे, या मूळ प्रश्नावर निकाल मिळालाच नाही.

संगणक आणि संगनमत

ई-निविदा आल्या तेव्हा पालिकेच्या आवारात दंडेली करून प्रतिस्पर्ध्याला फॉर्मच भरू न देण्याचे प्रकार संपतील, अशी आशा होती. ती बऱ्याच अंशी फळलीही. पण २०१४ मध्ये विभाग कार्यालयांच्या छोट्या कामांत निविदेची खिडकी आडवेळी आणि थोडाच वेळ उघडी ठेवल्याचे उघड झाले आणि अभियंत्यांवर कारवाई झाली. जुन्या दंडेलीचे काम आता घड्याळ करत होते.

पुण्यातले प्रकरण याहून बोधक आहे. कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या पुणे महापालिकेच्या निविदांबद्दल नागरिक चेतना मंचाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तपासात वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोली एकाच संगणकीय पत्त्यावरून भरल्याचे आढळले. काही कंपन्या केवळ संख्या पुरी करायला उभ्या केल्या होत्या. मे २०१८ मध्ये आयोगाने दंड ठोठावला. कागदी पाकिटांच्या काळात हा पुरावा सापडलाच नसता. म्हणजे संगणकाने संगनमत थांबवले नाही, पण त्याच्या पाऊलखुणा ठेवल्या. त्या शोधायला कोणी बसले तर.

रोहिणी पांडे, बेंजामिन ओल्केन आदी अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामसडक योजनेतल्या ई-निविदांचा अभ्यास करून २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष या चर्चेत क्वचितच येतो. ई-निविदांमुळे दर उतरल्याचे त्यांना दिसले नाही. रस्त्यांचा दर्जा सुधारल्याचे दिसले, कारण बाहेरच्या भागातले अधिक सक्षम कंत्राटदार आत येऊ शकले. इटलीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासाने सरकारी खरेदीतल्या नासाडीपैकी सुमारे ८३ टक्के नासाडी लाचखोरीने नव्हे, तर गबाळेपणाने होते असा हिशेब मांडला. मुंबईत कोणी असा हिशेब केलेला नाही. केला तर दोन्ही आकडे मोठेच निघतील, असे मानायला जागा आहे.

सूट आणि उशीर

१७ मार्च २०२० रोजी, करोनाच्या तोंडावर, स्थायी समितीने आयुक्तांना कंत्राटांबाबतच्या कलमांतून सूट दिली. निर्णय आणीबाणीचा होता. रुग्णवाहिका दारात असताना सात दिवसांची जाहिरात देता येत नाही. पुढे खिचडीवाटप, मृतदेहांच्या पिशव्या आणि जम्बो करोना केंद्रे यांच्या कंत्राटांवरून गुन्हे नोंदले गेले. करोनाचा सुमारे साडेतीन हजार कोटींचा खर्च ‘कॅग’ला तपासू देण्यास पालिकेने साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यांचा हवाला देऊन नकार दिला. उरलेल्या बारा हजार कोटींच्या कामांवरचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात आला. २१४ कोटींची वीस कामे निविदेविना दिलेली, ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारच झालेला नाही, ३,३५५ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ परीक्षक नेमलेला नाही. यातला दुसरा आकडा सर्वांत धक्कादायक वाटतो. निविदा मागवली, पैसे दिले, पण दोघांत करारच नाही.

नियम काटेकोर पाळण्याचीही किंमत असते आणि ती परळच्या केईएम रुग्णालयात दिसते. पालिका रुग्णालयांची औषधे भायखळ्याच्या मध्यवर्ती खरेदी खात्यामार्फत येतात. निविदा लांबली, फेरनिविदा झाली किंवा पुरवठादाराने हात वर केले की रुग्णालयाला थोडी-थोडी स्थानिक खरेदी करावी लागते, ती महाग पडते, आणि तीही पुरली नाही की नातेवाइकाच्या हातात बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी येते. घाईतल्या खरेदीचे घोटाळे बातमीत येतात. लांबलेल्या निविदेचा खर्च कोणाच्याच अहवालात नसतो.

पाहणार कोण

२०१५ मध्ये महापौर स्नेहल आंबेकर यांच्या तक्रारीवरून ३४ रस्त्यांची चौकशी झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये गुन्हा नोंदला. सहा कंत्राटदार काळ्या यादीत गेले, अभियंत्यांना अटक झाली. त्यांत त्रयस्थ परीक्षक म्हणून नेमलेल्या संस्थांची माणसेही होती. निविदा स्पर्धात्मकच होत्या. फसवणूक थरांच्या जाडीत आणि डेब्रिजच्या फेऱ्यांत झाली होती.

काळ्या यादीचा परिणाम सँडहर्स्ट रोडजवळच्या हँकॉक पुलाने दाखवला. जुना पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला. नव्याचे कंत्राट ज्याला मिळाले तो रस्त्यांच्या प्रकरणात अडकलेला निघाला, याचिका झाली, कंत्राट रद्द करून नव्याने निविदा काढावी लागली. रेल्वेच्या परवानग्या आणि अतिक्रमणांचीही भर पडली. पूल ऑगस्ट २०२२ मध्ये अंशतः खुला झाला. डागाळलेल्याला वगळणे योग्यच होते, असे जवळजवळ सगळे म्हणतात. साडेसहा वर्षे वळसा घेणाऱ्या डोंगरी-माझगावच्या रहिवाशांना त्याबद्दल कोणी विचारले नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. मसुदापत्रे मांडणारे आणि मंजूर करणारे एकच झाले. प्रशासनाच्या मते कामांना गती आली. विरोधकांच्या मते, १८७२ पासून जी दुसरी नजर होती तीच गेली. पण स्थायी समितीच्या काळातही प्रस्ताव चर्चेविना धडाधड मंजूर होत आणि कमिशनच्या अर्थाने ‘टक्केवारी’ हा शब्द तिथूनच शहरभर पसरला, हे नाकारता येत नाही. १५ जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली आणि समिती परतण्याची वाट मोकळी झाली. ती केवळ शिक्का ठरते की खरी तपासणी, हे मसुदापत्रांसोबत तिला किती कागद मिळतात आणि ती किती वाचते यावर ठरेल.

काय बाकी आहे

तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने त्यापाठोपाठ आणि राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचा स्वतंत्र कायदा केला. केंद्राचे २०१२ चे विधेयक लोकसभेबरोबर विरून गेले. महाराष्ट्रात १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आणि वेगवेगळ्या संस्थांचे आपापले नियम आहेत. त्यामुळे पालिकेने काळ्या यादीत टाकलेला कंत्राटदार दुसऱ्या प्राधिकरणाच्या कामावर दिसू शकतो. बाद झालेल्या बोलीदाराने न्यायालयाखेरीज कुठे दाद मागावी याचे सोपे उत्तर नाही. आणि करार, वाढीव परिमाण, मोजवही हे जाहीर करण्याची सक्ती नाही. कायदा आल्याने घोटाळे थांबतात असा दाखला कर्नाटकानेही दिलेला नाही. पण तक्रार करायला एक दार तरी असते.

तोवर नागरिकाच्या हाती एक साधन आहे आणि ते वापरणारे फार थोडे आहेत. निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर पाहता येतात. कार्यादेश, बिले आणि मोजवही विभाग कार्यालयात असतात. गिरगावकराला चंदनवाडीच्या किंवा नाना चौकातल्या, लालबाग-परळच्या माणसाला डॉ. आंबेडकर रस्त्यावरच्या एफ दक्षिण कार्यालयात दहा रुपयांचा अर्ज करून ती मागता येतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. आपल्या गल्लीतल्या रस्त्याचे काम सुरू असताना त्यातल्या काँक्रीटचा नमुना रहिवाशाला रीतसर मागता येतो.